स्थानिक नाव

जैतापूरच्या वर, सड्यावरच्या बंद चिरेखाणीत,
जिथं दोन वर्षांमागं पात्याचा आवाज खाडीपलीकडं जायचा
आणि आता नुसत्या पायऱ्या उरल्यात, कुठंच न पोचणाऱ्या,
तिथं गवताच्याही आधी
हे आलं.

कमरेएवढं.
खोड पाणीदार, उभ्या रेघांचं,
नख लावलं तर काकडीसारखं कचकन तुटतं.
खालची पानं देठाजवळ फाटलेली,
कुणी चिठ्ठी फाडायला घ्यावी आणि मध्येच विचार बदलावा, तशी.
वरची नुसती दातेरी.
चुरडल्यावर वास: गाजराचा पाला? ओला पंचा?
वहीत मी दोन्ही लिहिलं. दोन्ही खोडलं.

कूळ सूर्यफुलाचं,
पण सूर्याकडं बघायची याला गरज वाटत नाही.
फुलोरा खाली मान घालून उभा,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
कडेनं पाकळ्यांची झालर नाही.
आपण ज्याला एक फूल म्हणतो
त्या हिरव्या नळकांड्यात
शंभरावर फुलं उभ्यानं कोंबलेली,
एकेक म्हणजे एक नळी, खाली पिवळट, टोकाला विटकरी,
आणि भिंगाखाली प्रत्येकीतून बाहेर आलेली
दुभंगलेली जीभ.
मी मोजायला बसले.
एकशे बेचाळीसवर भिंगावर घाम पडला,
पुन्हा एकपासून.

बी धरलं
की मग मान वर.

मूळ आफ्रिका, असं पुस्तकात.
इथं कसं आलं, त्यावर पुस्तक गप्प.

लेबल मीच भरते.
स्थळ: चिरेखाण, दक्षिण कड.
माती: लाल, बोटभर.
रंग लिहून ठेवायचा, कारण सुकल्यावर राहत नाही.
संग्राहक: तिथं तळगावकर सरांचं नाव आधीच छापलेलं,
सरांचे गुडघे दुखतात, चढते मी.
स्थानिक नाव:
इथं दर वेळी पेन्सिल थांबते.
ओणीत विचारलं, नाट्यात विचारलं.
'रान' म्हणाले. 'कायतरी हाय.'

खैरून सोलकर शेळ्या घेऊन आल्या,
माझ्या पिशवीत डोकावल्या, आणि हसल्या.
'अवो, ही त आमी खाल्लीय.'
बाप टांग्याला गोदीत कारकून.
टांगा, म्हणजे घोड्याचा नाही, बंदर,
आफ्रिकेच्या या अंगाच्या किनाऱ्यावरचं.
नऊ वर्षांच्या होईपर्यंत तिथं.
शेजारीण कोवळे शेंडे खुडायची,
नारळाच्या दुधात, दाण्याचं कूट टाकून.
'कडू लागते जराशी. पन नारळ हाय ना.'
मग शेळीला हाकलत बोटानंच दाखवलं:
हे तोंड मिटलेलं ते घ्यायचं,
म्हातारं झालेलं नाही.

मी वही उघडली. नाव काय म्हणायचे?
त्या थांबल्या.
ओठ दोनदा मिटले, 'म'वर, नुसत्या 'म'वर.
'म्बोगा,' म्हणाल्या. 'म्बोगाच की.'
म्हणजे?
'म्हंजे भाजी.'
कुठली भाजी?
'भाजी ओ. भाजीला भाजीच म्हनत व्हती ती.'
आणि खाणीच्या कडेवरून खाडीकडं पाहत राहिल्या,
जिथं त्या दिवशी एकही होडी नव्हती.

कागदात दाबलं. वर्तमानपत्र, पुठ्ठा, पट्टा आवळून.
चौथ्या दिवशी कागद बदलायला पट्टा सोडला
तर आत पांढरं धुकं.
तोडलेल्या, चेपलेल्या, पाण्यावाचूनच्या त्या डोक्यांनी
बाजारभावांच्या पानावर
बी पिकवून घेतलं होतं.
पंख्याचं बटण सरांनी लावलं. मी ओरडले, पण उशिरा.
रेशमाचे छत्रीएवढे नाहीत, मुंगीच्या छत्रीएवढे केस
सरांच्या चष्म्यावर, अल्कोहोलातल्या खेकड्याच्या बरणीवर,
खिडकीतून बाहेर, पन्हळीकडं.
सर शिंकले. 'गेला नमुना,' म्हणाले.

खोड, पानं, चार कळ्या उरल्या. तेवढं शिवलं.
रंग: विटकरी (ताजेपणी).
स्थानिक नाव या रकान्यात
मी पेन्सिलनं 'भाजी' लिहिलं.
सरांनी खोडलं, प्रश्नचिन्ह काढलं.
रबराचे कण फुंकताना
त्यांच्या बाहीवरून एक केस सुटला,
मी तो जाताना पाहिला
आणि सांगितलं नाही.